मेहुण्यांची चाळीस मिनिटं

मेहुणे कुठल्याही खोलीत शिरले की आधी बाहेर पडायची वाट शोधत. हात मिळवणं, कॉफी, ओळखपाळख, सगळं त्यानंतर. हॅनोव्हरच्या आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तो दिवस मला आठवतो. आमचे साहेब हेर लोरेंझ, म्हणजे श्रीयुत लोरेंझ, हात पुढे करून उभे होते आणि हा उंच, सडपातळ, करड्या सुटातला आफ्रिकन माणूस त्यांना ओलांडून सरळ भिंतीपाशी गेला. आग लागली तर कुठून पळायचं याचा नकाशा तिथे लावलेला होता. तो त्याने सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. मग खिडकीपाशी जाऊन खाली वाहणाऱ्या लायने नदीकडे बघितलं आणि विचारलं, "हिच्या वरच्या अंगाला काय आहे? बांध आहे का? त्याचं दार कोण उघडतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी त्या खिडकीशेजारी अकरा वर्षं बसत होतो. नदीच्या वरच्या अंगाला काय आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

हे साधारण दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतलं. पश्चिम आफ्रिकेत तीन शेजारी देशांनी मिळून एक मोठं धरण बांधलं होतं. वीज तिघांनी वाटून घ्यायची, पाणीही तिघांनी वाटून घ्यायचं. आमचं ऑफिस लहान, वीस-बावीस माणसांचं. धरणाची दारं कधी आणि कशी उघडायची, त्याआधी भोंगे कधी वाजायचे, हा सगळा क्रम बसवायचं काम आमच्याकडे होतं. त्यातलं भोंग्यांचं आणि दारांचं प्रकरण माझ्याकडे होतं, कारण जर्मनीत येण्यापूर्वी मी सह्याद्रीतल्या एका वीजघरात काही वर्षं काढली होती. तिन्ही देशांनी आपापला एकेक इंजिनिअर काम समजून घ्यायला आणि शेवटी कागदांवर सही करायला पाठवला होता. दोघं येऊन-जाऊन असत. मेहुणे मात्र आठ महिने सलग राहिले, कारण ते प्रत्यक्ष त्या धरणावर नोकरीला होते.

ते घाबरट होते आणि त्याची त्यांना लाज नव्हती. "भीती हीच माझी नोकरी आहे," ते म्हणत. "पगार तिचाच मिळतो. ज्या दिवशी मी घाबरणार नाही, त्या दिवशी मला घरी पाठवा." धरणाच्या तीन मालकांबद्दल ते म्हणत, "एका जनावराचे तीन मालक असले की प्रत्येकाला वाटतं, दावं दुसऱ्याने बांधलं असेल. मी रोज उठून दावं बघतो."

त्यांचं आडनाव जारा. मेहुणे हे नाव आमच्या घरात पडलं, आणि त्याची कथा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

त्यांच्याकडे अशी रीत आहे की काही ठरावीक आडनावांची माणसं एकमेकांची जन्मभर थट्टा करतात. जारा आणि त्राओरे ही अशीच जोडी. ओळख असो-नसो, भर बाजारात, साहेबासमोर, एक जारा एका त्राओरेला म्हणू शकतो, "अरे माझ्या गुलामा, आजही चवळीच खाऊन आलास का?" आणि त्राओरेने रागवायचं नाही. उलट आणखी तिखट उत्तर द्यायचं. पण या थट्टेला दुसरी बाजू आहे. अशा दोन माणसांनी एकमेकांचं वाईट करायचं नाही, एकमेकांचं रक्त काढायचं नाही. आणि एकाने दुसऱ्याकडे मनापासून काही मागितलं तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही.

हॅनोव्हरमध्ये महिनाभर राहिल्यावर मेहुणे एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर ताट घेऊन बसले आणि म्हणाले, "इथली माणसं फार सभ्य आहेत. मला महिनाभरात कुणी एकदाही शिवी दिलेली नाही. असंच चाललं तर मी आजारी पडेन. तुला मी आजपासून त्राओरे करून टाकतो. चालेल?"

मी म्हटलं, "चालेल. काय करावं लागेल?"

"काही नाही. तू चवळी खाणारा आहेस, हे मान्य करायचं."

मी त्यांना पुढच्या शनिवारी घरी जेवायला बोलावलं. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तिने नेमकी चवळीची उसळ केली होती. पातेल्याचं झाकण निघालं आणि मेहुणे खुर्चीवरून उठले, भिंतीला हात टेकून हसत राहिले. डोळ्यांतून पाणी. "त्राओरे! तू खरंच खातोस! घरात करून खातोस!" सुनंदा बिचारी घाबरली. म्हणाली, "अहो, काय झालं यांना? तिखट लागलं का? अजून तर वाढलंही नाही."

मी तिला रीत समजावून सांगितली. ती जरा विचार करून म्हणाली, "मग यात नवीन काय आहे? आपल्याकडे मेहुणे नाही का अशी थट्टा करत? तुम्हाला चिडवायला हक्काचं माणूस हवं ना? मग हे माझे भाऊ." तेव्हापासून ते तिला 'ताई' म्हणत आणि आम्ही त्यांना मेहुणे. समोरासमोर मी त्यांना जारा म्हणत असे, अरे-तुरे करत असे. मागे बोलताना मात्र नेहमी आदराने, कारण ते बायकोच्या माहेरचे.

त्या वर्षी दिवाळीला ती त्यांना ओवाळणार म्हणून आठ दिवस आधीपासून तयारीत होती. मेहुणे मुसलमान. मला वाटलं, अवघडतील. पण पाटावर मांडी घालून बसले, टोपी सरळ केली. तिने निरांजन फिरवायला सुरुवात केली तेव्हा फक्त एकदा डोळे दाराकडे गेले. "ताई, दार उघडं ठेवलंय ना?" म्हणाले. सुनंदा म्हणाली, "उघडंच आहे हो. ओवाळताना पळून जाणारा भाऊ मी पहिल्यांदाच बघतेय."

त्यांची भीती मी थट्टेत घ्यायला लागलो, ही माझी पहिली चूक.

एका रविवारी मी त्यांना कालव्यावर घेऊन गेलो. हॅनोव्हरच्या बाहेर कालव्यावर बोटी वरखाली करण्यासाठी एक प्रचंड बंद हौद आहे. त्याला तिथे श्लॉयझे म्हणतात. बोट आत शिरते, दारं बंद होतात, पाणी भरतं आणि बोट पाच मजले वर येते. पाहुणा आला की सगळे त्याला तिथे नेतात. मेहुणे कठड्याजवळ आलेच नाहीत. दहा पावलं मागे उभे राहिले, एक हात दिव्याच्या खांबाला. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि हवा तर नोव्हेंबरची होती.

"अरे, ये ना पुढे," मी म्हटलं. "दार लोखंडाचं आहे."

"लोखंड मला माहिती आहे," ते म्हणाले. "भोंगा वाजल्यावर किती वेळाने पाणी सोडतात, ते विचारून ये."

मी विचारून आलो नाही. तेव्हा ते स्वतः गेले. खांबाखांबाला धरत, कठड्यापासून लांब राहून, त्या हौदाच्या माणसाच्या केबिनपर्यंत. मोडक्या जर्मनमध्ये दहा मिनिटं बोलले. परत आल्यावर म्हणाले, "खाली माणूस नाही ना, हे तो डोळ्याने बघतो. मगच सोडतो. घड्याळ बघून नाही. चांगला माणूस आहे. घाबरतो."

परतीच्या ट्राममध्ये त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. धरणाच्या खाली तीन-चार किलोमीटरवर एक गाव आहे. तिथे नदीच्या मधोमध खडक आहेत आणि बायका त्यावर कपडे धुतात. पाणी कमी असतं तेव्हा काठावरून वाळूच्या पट्ट्याने चालत खडकापर्यंत जाता येतं. धरण नवीन असताना एकदा दारं न सांगता उघडली गेली. तेव्हा त्यांनी वरून, भिंतीवरून, ते बघितलं होतं. सगळ्या वाचल्या, म्हणाले. पण बायका पळताना वरून मुंग्यांसारख्या दिसत होत्या आणि पाण्याचा आवाज इतका होता की त्यांची ओरड वर पोचत नव्हती. "मी ओरडत होतो, त्या ओरडत होत्या. कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून मी असा आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक चौकटीचा कागद ठेवला. त्यावर नदी, खडक, वाळू, काठ काढलेलं होतं आणि पेन्सिलीने बायकांच्या छोट्या आकृत्या. बाजूला मिनिटं. हे त्यांनी त्या गावात जाऊन, घड्याळ घेऊन, काठावर बसून मोजलेलं होतं. भोंगा कानावर पडायला दोन. तो खरा की चाचणीचा, हे एकमेकींना विचारायला पाच. कपडे गोळा करायला बारा. मुलांना हाका मारून जमवायला सहा. खडकावरून वाळू ओलांडायला नऊ. चढ चढायला सहा. खाली रेघ मारून बेरीज. चाळीस.

माझ्या क्रमात भोंगा आणि दार यांच्यामध्ये पंधरा मिनिटं होती.

"ही तुझी पंधरा मिनिटं पळणाऱ्या माणसाची आहेत," मेहुणे म्हणाले. "आमच्याकडे कुणी लगेच पळत नाही."

"कपडे टाकून का पळत नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्राओरे, तुझी आई नदीवर कपडे धुवायची ना? तू सांगितलंयस. ती टाकून पळाली असती?"

आई कृष्णेच्या काठावर गोधड्या धुवायची. भिजलेली गोधडी दोघींनाही उचलत नाही. पिळायची, घडी घालायची, खांद्यावर टाकायची. पूर येवो की वाघ येवो, आईने गोधडी पाण्यात सोडली नसती. हे मला त्या ऑफिसात सगळ्यांपेक्षा जास्त माहिती होतं. हेर लोरेंझला ते माहिती असण्याचं कारण नव्हतं. मला होतं.

आता मला लिहायचं आहे ते लिहितो. पंधरा मिनिटं मी मोजलेली नव्हती. आल्प्समधल्या एका धरणाचं काम आम्ही आधी केलं होतं, त्यातून उचललेली होती. त्या धरणाखाली माणूस नव्हताच, दोन्ही बाजूंनी कुंपण होतं आणि पाट्या होत्या. मेहुण्यांनी कागद दिला तेव्हा माझा मसुदा तिन्ही देशांच्या राजधान्यांना जाऊन मंजूरही होऊन आला होता. आकडा बदलायचा तर तिन्हीकडे पुन्हा पाठवायला लागला असता आणि साहेबांना सांगायला लागलं असतं की मी तो दुसरीकडून उतरवला. माझं वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे. ऑफिसातली माझ्या वयाची दोन माणसं त्याच वर्षी घरी गेली होती. कागद मी निळ्या फाइलमध्ये घातला. मेहुण्यांना म्हटलं, "बघतो."

ते दर आठवड्याला विचारत. मी दर आठवड्याला 'बघतो' म्हणत असे. ते हिशेब करूनही घेऊन आले, की चाळीस मिनिटं दार बंद ठेवलं तर तलाव फक्त बोटभर चढतो. "बोटभर पाण्याने धरणाला काही होत नाही." मी म्हटलं, "बरोबर आहे." ते म्हणाले, "मग?" मी म्हटलं, "अरे, बघतो म्हटलं ना."

शेवटचा शुक्रवार आला. त्या दिवशी सगळ्या कामाची अधिकृत पसंती व्हायची होती. जर्मनमध्ये तिला आबनामे म्हणतात, आणि तिच्या कागदावर सही झाली की काम संपलं. बाकीच्या दोन देशांच्या सह्या आधीच्या आठवड्यात होऊन गेल्या होत्या. मोठ्या खोलीत साहेबांनी केक मागवला होता. मेहुणे आत जाऊन कागद चाळून बाहेर आले आणि कॉपीच्या मशीनपाशी मला गाठलं.

"अजून पंधराच आहे."

"महिन्याभरात दुरुस्ती पाठवतो. आज अडलास तर सगळं परत तीन राजधान्यांत फिरेल, पाऊस सुरू होईल आणि तुझ्या लोकांना साधा भोंगाही मिळणार नाही."

यातलं अर्धं खरं होतं, म्हणून ते सांगायला सोपं गेलं.

"मग साहेबांना आत्ता सांगू या," ते म्हणाले. "चूक कुणाची का असेना. माझी म्हणून सांगू. मी उशिरा दिला म्हणून सांगू."

आतून साहेबांची हाक आली. मला त्या क्षणी ना नदी दिसत होती ना बायका. मला लोरेंझसाहेबांचा चेहरा दिसत होता.

मी म्हटलं, "जारा, तुझा त्राओरे मागतोय. सही कर."

मेहुण्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "थट्टेत मागतोयस?"

"नाही. खरं."

मशीनचा गरम वास येत होता. मग म्हणाले, "मग मला नाही म्हणता येत नाही. पण हे असं मागायचं नसतं." आत गेले, उभ्यानेच सही केली आणि केक न खाता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सुनंदाने त्यांना चिवड्याचा डबा दिला. त्यांनी तिला पायाला हात लावून नमस्कार केला, तिनेच शिकवला होता तसा. माझी त्यांनी थट्टा केली नाही. मी 'चवळी पाठवू का रे?' म्हणून बघितलं. ते फक्त म्हणाले, "एक महिना, त्राओरे."

दुरुस्ती मी पाठवली नाही. पहिल्या महिन्यात नवं काम आलं. दुसऱ्या महिन्यात साहेब रजेवर गेले. तिसऱ्या महिन्यात, इतक्या उशिराने आता काय सांगायचं, असं झालं. मेहुण्यांचे दोन फोन आले. मी 'प्रक्रियेत आहे' असं सांगितलं. तिकडचा पाऊस जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांत ऑफिसातला फोन वाजला की मी तो लगेच उचलत नसे. पहिला पावसाळा गेला. काही झालं नाही. मी स्वतःला सांगायला लागलो की पंधरा पुरत असतील. भीती तेवढी गेली नाही. हॅनोव्हरमध्ये रस्ता धुवायची गाडी भोंगा वाजवत गेली तरी मी नकळत घड्याळ बघायचो आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचो.

दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमधल्या एका दुपारी, फोन आला.

"लांबच्या शहरात वीज गेली," मेहुणे म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "इथली यंत्रं एकदम थांबली. तलाव भरलेला. यंत्रांतून जाणारं पाणी दारांतून सोडायला लागलं. भोंगा वाजला. मी भिंतीवर होतो. पंधरा मिनिटांनी दारं आपोआप उघडली. मी बटण दाबत होतो, पण क्रम सुरू झाला की मध्ये थांबत नाही. तू तसाच बसवलायस. खडकावर पाच जणी होत्या. चार आल्या. एक कपडे गोळा करत होती."

त्यांनी तिचं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं.

मी काय बोललो ते लिहिणं मला सगळ्यात जड जातंय. मी विचारलं, "पंधरा कुणी ठरवली, असं तुला कुणी विचारलं का?"

मग मेहुणे म्हणाले, "बाई गेली, त्राओरे." आणि फोन ठेवला.

तिन्ही देशांनी चौकशी नेमली. आमच्या ऑफिसला पत्र आलं. हेर लोरेंझनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. "त्या इंजिनिअरने तुम्हाला कधी दुसरा आकडा सांगितला होता?"

"नाही."

"लेखी?"

"नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," साहेब म्हणाले आणि मोकळा श्वास सोडला. त्यांना खरं माहिती नव्हतं, हेही इथे लिहून ठेवतो. आमच्या उत्तरात लिहिलं गेलं की पंधरा मिनिटांवर त्या देशाच्या प्रतिनिधीने कोणतीही हरकत न घेता सही केली आहे, आणि वेगळी मागणी केल्याची नोंद नाही. मसुदा मी तयार केला. निळी फाइल त्याच संध्याकाळी पिशवीतून घरी आणली.

मेहुण्यांना धरणावरून काढलं. भोंगा आणि दार यांच्यामधलं अंतर मात्र चौकशीने चाळीस मिनिटं केलं. आकडा त्यांचा घेतला आणि माणूस ठेवला नाही. हे मला त्यांच्या शेवटच्या फोनवरून कळलं.

"मी कागद दिला होता, एवढं सांगितलं," ते म्हणाले. "कुणाला दिला, ते सांगितलं नाही. त्यांना वाटतं मी खोटं बोलतो."

"का नाही सांगितलंस?"

"तू त्राओरे आहेस. तुझं रक्त काढायची मला मुभा नाही." मग म्हणाले, "तुला माझं काढायची होती का, ते तू बघ. ताईला सांग, भाऊ बरा आहे."

ताईला मी सांगितलं की मेहुण्यांची बदली झाली. दर भाऊबीजेला ती विचारायची, "कुठे असतील हो ते? फोन का लागत नाही?" मी म्हणायचो, तिकडे नंबर बदलतात. ती पाटावर त्यांच्या नावाने एक सुपारी ठेवायची आणि तिला ओवाळायची. मी समोर बसून ते बघायचो. असं किती वर्षं, ते तीच मोजेल.

तो चौकटीचा कागद मी फाडला नाही. ठेवायची भीती होती आणि फाडायची त्याहून जास्त. गेल्या वर्षी सुनंदाच्या गुडघ्यांमुळे आम्ही चौथ्या मजल्यावरून तळमजल्याच्या लहान घरात आलो. सामान बांधताना ती म्हणाली, "या निळ्या फाइलमध्ये काय आहे? टाकू?" मी म्हटलं, "बस जरा." आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर तो कागद तिच्यापुढे ठेवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती त्या पेन्सिलीच्या बायकांवरून बोट फिरवत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "अहो, आणि मी तुमच्यासमोर सुपारी ओवाळत होते." दोन दिवस आमच्यात मिठा-पाण्याइतकंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी तिने टेबलावर पेन आणून ठेवलं.

मी मेहुण्यांच्या नावाने, सगळं कबूल करत, धरणाच्या सामाईक कार्यालयाच्या पत्त्यावर लिहिलं. उत्तर त्यांच्या मुलीचं आलं. ती राजधानीत परिचारिका आहे. वडील जाऊन तीन पावसाळे झाले, असं तिने लिहिलं होतं. नोकरी गेल्यावर ते त्या नदीकाठच्या गावीच राहायला गेले होते. पावसाळ्यात सकाळी काठावर जाऊन बसत आणि बायकांना लवकर आटपायला लावत. बायका त्यांच्यावर हसत. ज्या घरातली बाई गेली होती त्या घरातलं कुणी मात्र त्यांच्याशी शेवटपर्यंत बोललं नाही. ते घर त्यांच्या दारासमोरच होतं.

'हे आमच्या घरी लिहून काय होणार?' तिने पुढे विचारलं होतं. 'मला बाबा माहिती होते. ज्यांना माहिती नव्हते त्यांना सांगा. कार्यालयाला लिहा. आणि अंगात बळ असेल तर गावात येऊन त्या घराला सांगा. मी बरोबर येईन.' गेलेल्या बाईचं नाव सिरा होतं, हेही तिने लिहिलं होतं. मी पत्रात ते विचारलं नव्हतं.

कार्यालयाला कागदाच्या प्रतीसह रजिस्टर्ड पत्र गेलं. ऑफिसात मी खोटं बोललो, हेही त्यात आहे. हेर लोरेंझ आता नाहीत. असते तर त्यांनाही लिहिलं असतं, असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

जानेवारीची तिकिटं काढली आहेत. तेव्हा तिकडे पाऊस नसतो. डॉक्टर नको म्हणतात, सुनंदा म्हणते, "मी बरोबर आहे, चला." ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलते असं नाही, पण येते आहे. मला सिराच्या घरासमोर एकच वाक्य बोलायचं आहे, मेहुण्यांची मुलगी ते त्यांच्या भाषेत सांगेल. जाराने चाळीस मिनिटं सांगितली होती, पंधरा मी लिहिली. रोज सकाळी चहा झाला की सुनंदासमोर उभा राहून ते म्हणून बघतो. ती ऐकते आणि मान हलवते. पहिला भाग आता नीट म्हणता येतो. दुसऱ्याशी आलो की आवाज जातो, आणि ती म्हणते, "पुन्हा म्हणा."